माधवरावांच्या पत्नी रमाबाई – नक्की कोणत्या?

वर्गशिक्षिका (मूळ धागा)

मागच्या आठवड्यात नात शाळेचा प्रकल्प दाखवायला घेऊन आली. चौथीत आहे. विषय ‘रमाबाई’, एवढाच. पहिल्या पानावर रमाबाई रानड्यांचं चित्र चिकटवलेलं. त्याखाली जन्मगाव वणंद, दापोलीजवळ. पुढच्या ओळीत पती न्यायमूर्ती रानडे. पान उलटलं की कार्य: केडगावचं मुक्ती मिशन. आणि शेवटी लाल शाईत ‘छान’ असा शेरा.

पोरीची चूक नाही. तिने नेटवर नाव टाकलं आणि वर जे आलं ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. पण मला रात्री झोप लागेना. तीन बायका, तिघींनी जन्मभर इतकं सोसलं, इतकं उभं केलं, आणि आपण तिघींची मिळून एकच बाई करून टाकली. छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला म्हणून असेल, पण मला हे फार लागलं.

मी वर्गात एक कोडं घालायचे. ‘माधवरावांच्या पत्नी रमाबाई’ म्हणजे कोण? अर्धा वर्ग ओरडायचा, ‘पेशव्यांच्या!’ बरोबरच आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला चिंतामणीच्या देवळात क्षयाने गेले. वय अवघं सत्तावीस. रमाबाई तिथेच सती गेल्या, नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. पण उत्तर तिथे संपत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना सगळं पुणं माधवरावच म्हणत असे. म्हणजे त्यांच्या रमाबाईही माधवरावांच्याच पत्नी. पहिल्या रमाबाईंच्या चितेनंतर एकशे एक वर्षांनी, १८७३ मध्ये, दुसऱ्या रमाबाई लग्न होऊन पुण्याच्या घरात आल्या.

त्या आल्या तेव्हा मात्र रमाबाई नव्हत्या. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना होत्या, दहा-अकरा वर्षांची मुलगी. रानडे तिशी उलटलेले, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून तिचा जो छळ मांडला, तो त्यांनी पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहिला. १९१० चं पुस्तक. कोणावर राग न धरता लिहिलंय, म्हणूनच वाचताना जास्त भिडतं.

आता खरी गंमत १८८२ ची. त्या वर्षी पुण्यात आणखी एक रमाबाई आल्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. जन्म १८५८, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. दुष्काळात आईवडील गेले. मग भावाबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घातला आणि कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या. बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावींशी लग्न केलं आणि दोन वर्षांत विधवा झाल्या. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि त्याच्या सभांना जाणाऱ्यांत रानड्यांच्या रमाबाई होत्या. एका खोलीत दोन रमाबाई! एकीचं बोलणं ऐकायला दुसरी घरच्यांचे टोमणे झेलत जात होती.

विद्यार्थ्यांना मी एक खूण सांगायचे, तुम्हालाही उपयोगी पडेल. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला, आणि परतल्या थेट १८८९ मध्ये. या सहा वर्षांतल्या पुण्याच्या हकिकतीत ‘रमाबाई’ दिसल्या तर त्या रानडेच. ‘सेवासदन’ १९०९, तेही रानडे. शारदा सदन ही विधवांची शाळा आणि केडगावचं मुक्ती मिशन, दोन्ही पंडिता रमाबाईंचं.

आणि तिसऱ्या, रमाबाई आंबेडकर. नातीने जन्मगाव त्यांचं लिहिलं होतं. जन्म १८९८. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, भीमरावांशी लग्न लागलं. पाचांपैकी चार मुलं गेली. बाबासाहेब परदेशी शिकत असताना घर त्यांनी ओढलं. २७ मे १९३५ ला राजगृहात त्या गेल्या.

शेवटची गोष्ट, जी मला कायम छळते. थेऊर आणि केडगाव दोन्ही पुणे जिल्ह्यातच, पुण्याहून पूर्वेला सोलापूरच्या वाटेवर. एका रमाबाईंनी विधवा होताच जिथे देह जाळला, त्याच वाटेवर पुढे दुसऱ्या रमाबाईंनी विधवांना राहायला घर बांधलं. एकच नाव, एकच वाट, मध्ये सव्वाशे वर्षं.

तुम्हाला अशा नावाच्या जोड्या ठाऊक असतील तर लिहा. नुसती यादी नको. नाव का जुळलं, कोणी ठेवलं, त्यामुळे काय गोंधळ झाला, तेही लिहा.

नदीकाठ

बाई, नमस्कार. थेऊरला दरवर्षी जातो, केडगाव स्टेशनवरून शेकडो वेळा गेलो, पण दोन्ही गावं मनात कधी शेजारी ठेवली नव्हती. एक शंका. रानड्यांचं नाव महादेव. महादेवाची ती पार्वती. मग बायकोचं नाव रमा कसं?

मोडीवाचक

कारण हाक माधवराव अशी होती. माधव म्हणजे ‘मा’चा धव, लक्ष्मीचा नवरा. मा आणि रमा दोन्ही लक्ष्मीच. पेशव्यांकडे तीच जोडी, रानड्यांकडे तीच. आपल्याकडे लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. ते नाव पुष्कळ घरांत त्याच्या नावाशी जुळवून ठेवायची रीत होती. विष्णूला लक्ष्मी, शंकराला पार्वती किंवा उमा, रामाला सीता किंवा जानकी. पुरुषांची नावं देवांची आणि देव मोजके, त्यामुळे बायकांची नावंही मोजकीच फिरत राहिली. दोन माधवरावांच्या दोन रमाबाई हा माझ्या मते योगायोग नाही, रीतच तशी होती. पंडिता रमाबाईंचं नाव मात्र जन्मापासून रमा, ते कोणी तांदळात लिहिलेलं नाही.

वर्गशिक्षिका

मोडीवाचक, हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुण्यातल्या त्या सभेत एकीचं नाव बापाने दिलेलं आणि दुसरीचं नवऱ्याने. इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

निळी_पहाट

मी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात वाढले. बोलताना सगळे नुसतं रमाबाई नगर म्हणतात. शाळेत आमच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, ‘तुमची वस्ती रानड्यांच्या रमाबाईंच्या नावाची का?’ मी घरी येऊन रडले होते. आईने जवळ घेतलं आणि सांगितलं, तू रमाबाई म्हणूच नकोस, रमाई म्हण.

आमच्याकडे रमाईच म्हणतात. गाण्यांत रमाई, पाळण्यात रमाई, ७ फेब्रुवारीच्या जयंतीला रमाई. ‘आई’ नावातच आल्यावर दुसऱ्या कोणाशी गल्लत व्हायचा प्रश्नच उरत नाही. आणि बाबासाहेब त्यांना रामू म्हणत. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केलंय, त्यांच्या मनाचा मोठेपणा आणि सोबतीने सोसलेले दिवस आठवून. राजकारणावरचं इतकं जड पुस्तक आणि पहिल्या पानावर घरातलं हाकेचं नाव. मी ते पान कितीदा वाचलंय सांगता येत नाही.

बाई, नातीला म्हणावं वणंदला नक्की जा.

वर्गशिक्षिका

@निळी_पहाट, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. दिवाळीच्या सुट्टीत दापोलीला जायचं ठरवतेय, वणंद नक्की.

तिकीटसंग्राहक

दोन रमाबाईंची टपाल तिकिटं माझ्याकडे आहेत. रमाबाई रानडे १९६२ चं, पंडिता रमाबाई १९८९ चं. दोन्ही अल्बमच्या एकाच पानावर ठेवली होती, आज वेगवेगळ्या पानांवर लावून खाली स्वतंत्र माहिती लिहिली.

कल्याणची_लेक

रमाबाईंचा धागा आहे आणि आनंदीबाई आल्या नाहीत असं कसं चालेल? ही माळ मी गेली कित्येक वर्षं मनात ओवतेय, आज लिहूनच टाकते.

आनंदीबाई म्हटलं की जुन्या माणसांना आधी आठवते राघोबादादांची आनंदीबाई. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याचा ‘ध चा मा’चा आळ. खरंखोटं इतिहासकार पाहतील, पण ते नाव त्यानंतर किती डागाळलं असेल! तरी शंभर वर्षांनी गोपाळराव जोशींनी आपल्या बायकोला तेच नाव दिलं. आणि तिचं माहेरचं नाव काय होतं? यमुना. आमच्या कल्याणची यमुना.

बाई, पाहताय ना? दोन यमुना. एक देवराष्ट्र्याची, एक कल्याणची, दोघींच्या जन्मात दोन-तीन वर्षांचं अंतर. लग्न झालं आणि एक रमा झाली, दुसरी आनंदी. दोघींचे नवरे वयाने कितीतरी मोठे, विधुर, बायकोला शिकवायच्या ध्यासाने पेटलेले. गोपाळरावांचा ध्यास फार कठोर होता, त्याचा त्रास आनंदीने भोगला, तेही विसरून चालणार नाही.

आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या तो दिवस ११ मार्च १८८६. त्या समारंभाला इंग्लंडहून कोण गेलं होतं? पंडिता रमाबाई! नात्यातल्याच होत्या दोघी. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या, एकविसाव्या वर्षी.

पुढे ऐका. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं ११ मार्च १८८९ ला. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरूखच्या जोशांची गोदू. या गोदूशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, ११ मार्च १८९३ ला. आणि लग्नानंतर गोदूचं नाव काय झालं? आनंदी! आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया कर्वे. त्यांचं ‘माझे पुराण’ मिळालं तर जरूर वाचा, पुनर्विवाहानंतर गावाने घातलेला बहिष्कार त्यात त्यांच्याच तोंडून येतो.

११ मार्च तीनदा का आला ते मला ठाऊक नाही, मुद्दाम जुळवल्याचं कुठे वाचलेलं नाही. पण मी दर ११ मार्चला देवापुढे एक जास्तीची वात लावते.

‘सांजवात’ लिहिणाऱ्या कथालेखिका आनंदीबाई शिर्के आणखी वेगळ्या, बरं का. आत्मचरित्र लिहिणाऱ्या दोन आनंदीबाई, एक कर्वे आणि एक शिर्के. इथेही परीक्षेत गोंधळ होतो.

नदीकाठ

@कल्याणची_लेक, अंगावर काटा आला. धन्यवाद.

करवीरकर

आनंदीबाई आणखी एक राहिल्या ताई, आमच्या कोल्हापूरच्या. छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब. महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला गेले. पुढच्या मार्चमध्ये, १७ मार्च १८८४ ला, आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचा दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. मुलाचं नाव यशवंतराव. दत्तकविधान झालं आणि नवं नाव ठेवलं शाहू. तेच आमचे राजर्षी.

वर मोडीवाचकांनी बायकांची नावं लग्नात बदलायची ते लिहिलं. राजघराण्यातल्या दत्तक मुलांचंही तेच होतं, त्यांचा गृहप्रवेश म्हणजे दत्तकविधान. बडोद्याचे सयाजीराव आधी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव होते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी आनंदराव नावाचं मूल घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं दामोदर, कारण त्यांचं स्वतःचं तान्हं गेलं होतं त्याचं नाव दामोदर. त्या मुलाने जन्मभर गेलेल्या भावाचं नाव वागवलं. मला हे वाचताना गलबलून येतं.

आता शाहूंचा गोंधळ. साताऱ्याचे छत्रपती शाहू संभाजीराजांचे पुत्र, १६८२ ते १७४९. बाळाजी विश्वनाथाला आणि मग पहिल्या बाजीरावाला पेशवाई दिली ते हे. साताऱ्याच्या गादीवर पुढे दुसरे शाहूही झाले, १८०८ मध्ये वारले. आणि २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारे ते कोल्हापूरचे. अधलीमधली दोनशे वर्षं गाळून पहिले आणि शेवटचे एकच समजणारी माणसं मी भाषणात ऐकली आहेत, माईकवर, टाळ्यांच्या गजरात. ‘राजर्षी’ हा शब्द नुसता मानाचा नाही, तो ओळखीचा आहे. तो गाळू नका एवढी हात जोडून विनंती.

राजाराम महाराजांचंही तसंच. जिंजीला जाऊन स्वराज्य टिकवणारे राजाराम शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र. आणि आमच्या कोल्हापूरचे तरुण राजाराम महाराज विलायतेहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्सला गेले, वय वीस. तिथे आर्नो नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. त्या बागेत छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि शेजारच्या पुलाला तिथले लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्या पुलावरून जाणाऱ्यांना नाव ठाऊक नाही, आणि इथे नाव ठाऊक आहे तर ते दुसऱ्या राजारामांचं समजतात.

बखरवाचक

करवीरकर, मुजरा. भोसल्यांच्या घरात नावं का फिरतात त्यात एक दुःखाची बाजू आहे. शिवरायांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत कामी आले. त्यानंतर १४ मे १६५७ ला पुरंदरावर मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी ठेवलं. आपण ज्यांना छत्रपती संभाजी महाराज म्हणतो, त्यांच्या नावात एक काका आहे. त्यांना मुलगा झाला त्याचं नाव शिवाजी, आजोबांवरून. तोच पुढे शाहू या नावाने ओळखला गेला. तिकडे राजारामांना ताराबाईंपासून मुलगा झाला तर त्याचंही नाव शिवाजी, आणि राजसबाईंपासून झालेल्याचं संभाजी. त्या संभाजींनी आणि शाहूंनी १७३१ मध्ये वारणेचा तह केला. म्हणजे पाळण्यातलं नाव धरलं तर तो तह एका शिवाजीचा आणि एका संभाजीचा.

त्याच काळातले दोन संताजीही पाहा. संताजी घोरपडे सेनापती, आणि संताजी जगनाडे तुकोबांचे टाळकरी, ज्यांनी अभंग लिहून ठेवले. एकाची तलवार, एकाची लेखणी, दोन्हींमुळे आपण आहोत.

मोडीवाचक

पेशव्यांत नानासाहेब. शनिवारवाड्यातले नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, पानिपतानंतर १७६१ मध्ये गेले. १८५७ चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांनी बिठूरला घेतलेले दत्तक पुत्र. सिनेमा पाहून आलेली मुलं दोन्ही बाजीरावही एकच धरतात. एकाने पालखेड जिंकलं, दुसऱ्याच्या हातून १८१८ मध्ये राज्य गेलं.

अभंगवेडा

राजेरजवाड्यांचं निदान गादी आणि साल पाहून सुटतं. संतांचं फार अवघड. नामदेवांची गाथा काढा. कित्येक अभंगांच्या शेवटी ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा. ज्ञानदेवांचे सोबती नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. आणि महाभारत ओवीत रचणारा विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला, एकनाथांच्या काळातला. गाथेत या आणि नंतरच्या नाम्यांची रचना मिसळून गेली. वारकऱ्याला कीर्तनात त्याने फरक पडत नाही, गातो तो भावाने. पण मला फरक पडतो. दुसऱ्या नाम्यानेही आयुष्य घालून लिहिलं होतं, त्याचं श्रेय त्याला मिळायला नको का?

याच्या उलटंही झालंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारद्यांनी ‘सुधारक’मध्ये लेख लिहून ज्ञानदेव दोन होते असं मांडलं. ज्ञानेश्वरी लिहिणारा नाथपंथी वेगळा, अभंग लिहिणारा विठ्ठलभक्त वेगळा. मुख्य आधार हा की नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथात विठ्ठलाचं नाव नाही आणि अभंगांत पानोपानी आहे. मोठा वाद झाला. मी स्वतः एकाच ज्ञानोबांचा. गीतेवर बोलताना माणूस एका भाषेत बोलतो आणि माउलीला हाक मारताना दुसऱ्या. पण त्या वादाने ज्ञानेश्वरी शब्दाशब्दाने वाचायला लावली हे मान्य करतो.

ग्रंथपाल

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, नाव नको. रोमन लिपीतल्या नोंदींनी आमची किती पुस्तकं चुकीच्या माणसाच्या नावावर गेली ते सांगतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे म्हणजे इतिहासाचार्य, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड. वैजनाथ काशिनाथ राजवाडे त्यांचे थोरले भाऊ, निरुक्ताचं, म्हणजे वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या ग्रंथाचं, मराठी भाषांतर करणारे संस्कृतज्ञ. मराठीत वि. का. आणि वै. का., डोळ्यांना लगेच फरक कळतो. रोमनमध्ये दोघेही व्ही. के. राजवाडे! आमच्याकडे निरुक्त इतिहासाच्या कपाटात होतं. इतिहासाचार्यांनी मराठीतच लिहायचा हट्ट धरला त्याची मला त्या दिवशी नव्याने किंमत कळली.

सांकवाळकार

ग्रंथपाल, आमचे कोसंबी राहिले! धर्मानंद दामोदर कोसंबी आमच्या सांकवाळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले, पाली शिकले, ‘भगवान बुद्ध’ लिहिलं. गोव्यात आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. म्हणून त्यांचा मुलगा दामोदर धर्मानंद, गणिती आणि इतिहासकार. बाप ध. दा., मुलगा दा. ध. रोमनमध्ये दोघेही डी. डी. कोसंबी. वर दोघांनी पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवलं, बापाने पाली आणि मुलाने गणित. बाप सेवाग्रामला अन्नत्याग करून १९४७ च्या जूनमध्ये गेला, मुलगा १९६६ मध्ये. दोघांची पुस्तकं एकत्र करणारा ग्रंथपाल मला भेटलाय, त्याच्यावर रागवावंसं वाटलं नाही.

आणि बाई, माळ तुमच्याकडेच येते. दामोदरांची मुलगी मीरा कोसंबी. पंडिता रमाबाईंचं लिखाण इंग्रजीत आणून नव्या वाचकांपुढे ठेवलं ते त्यांनी.

वर्गशिक्षिका

काय बोलू? मीराताईंचं ते काम माझ्या कपाटात आहे आणि त्या नातीकडून आजोबा आणि पणजोबांपर्यंत, नाही, वडील आणि आजोबांपर्यंत, अशी वाट मी कधी चाललेच नव्हते.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं, खूप शिकलो. एका मुद्द्यावर वेगळं मत. लग्नात नाव बदलणं म्हणजे बाईला पुसून टाकणं असा सूर इथे लागतोय. माझ्या आईचं नाव वडिलांनी हौसेने ठेवलं, तिलाही ते आवडायचं. माधव–रमा ही जोडी म्हणून गोडच आहे की. रमाबाई रानड्यांनीही त्या नावाबद्दल कुठे तक्रार केलेली नाही.

वर्गशिक्षिका

तुमच्या आईंना नाव आवडलं, आनंद आहे, ते मी खोडणार नाही. रमाबाईंनी तक्रार केली नाही हेही खरं. पण चौथीतल्या मुलीला नेटवर यमुना कुर्लेकर शोधून सापडत नाहीत, रमाबाई शोधल्या तर चार सापडतात. माझं म्हणणं तेवढंच आहे. जुनं नाव कंसात का होईना, लिहायला हवं.

कल्याणची_लेक

+१ बाई. आम्ही महिला मंडळाच्या फलकावर या वेळी ‘आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या यमुना’ असं लिहिणार आहोत.

न्यूजर्सीतून

उशिरा लिहितेय. फिलाडेल्फिया आमच्यापासून जवळ, आणि आनंदीबाईंच्या अस्थी न्यू यॉर्क राज्यातल्या पकीप्सीला त्यांच्या अमेरिकन मावशी मिसेस कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या जागेत आहेत. तिथल्या दगडावरही नाव आनंदीबाई जोशी. मी फुलं घेऊन गेले होते. पुढच्या वेळी जाईन तेव्हा यमुना म्हणूनही हाक मारेन.

धागा वाचून आईला पुण्याला फोन केला आणि विचारलं, आजीचं माहेरचं नाव काय? तिला आठवेना. मामाला विचारलं, त्यालाही नाही. शेवटी आईने माळ्यावरची पितळी भांडी उतरवली. पाण्याच्या घागरीवर आजोबांच्या नावापुढे ‘सौ. इंदिराबाई’. पण एका लहान तांब्यावर, जो आजीने लग्नात माहेरून आणला होता, त्यावर ठोकलेलं नाव वेगळं होतं. आईने फोटो पाठवला. चिंच लावून घासलाय, अक्षरं स्वच्छ दिसतात. ‘चि. द्वारका’.

वर्गशिक्षिका

तो तांब्या परत माळ्यावर टाकू नका म्हणावं आईंना.

नातीने प्रकल्प पुन्हा केला. चार पानं, चार रमाबाई. दुसऱ्या पानावर तिने स्वतःच लिहिलंय: ‘यमुना. लग्नानंतर रमाबाई रानडे.’ उद्या शाळेत देणार आहे.